पद्मिनीच्या पोटाखालचं डांबर: प्रकल्प नोंदी

9 नोव्हेंबर 2024, शनिवार

गाडी शेडमध्ये आली. मामांची प्रीमियर पद्मिनी, 1974 ची. अलिबागहून फ्लॅटबेडवर चढवली आणि बोरघाट चढून सासवडच्या अलीकडे धाकट्या भावाच्या शेडपर्यंत आणली. खोपोलीला चहाला थांबलो तर चार माणसं गाडीभोवती जमली. मुंबईत 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हापासून ही गाडी दिसली की लोक हात लावून बघतात.

1974 हे साल महत्त्वाचं आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून हीच गाडी आधी फियाट 1100 डिलाइट म्हणून निघायची, मग प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, चारी चाकांना ड्रम ब्रेक. इंजिन मामांनी जिवापाड जपलंय, त्याची चिंता नाही. चिंता पत्र्याची आहे. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गाडी कायम उघड्या मांडवात.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही. फ्लोअर, दारांखालच्या पोकळ पट्ट्या (ज्यांना सगळे सिल म्हणतात) आणि खांब हे सगळं मिळूनच गाडीचं वजन पेलतं. त्यामुळे सिल सडली तर ती नुसती दिसण्याची गोष्ट राहत नाही, गाडी मधून खचायला लागते.

काम ठरलंय: पोटाखालचा काळा डांबरी थर पूर्ण काढायचा, पत्रा उघडा करायचा, सडका भाग कापून नवा जोडायचा, उरलेल्या गंजावर उपचार करायचे. सासवड निवडलं ते हवेसाठी. डिसेंबर-जानेवारीत इथली दुपार कोरडी असते. अलिबागला हे काम करणं म्हणजे एका बाजूने खरवडायचं आणि दुसऱ्या बाजूने नवा गंज चढू द्यायचा.

10 नोव्हेंबर, रविवार

सीटा, रबरी मॅट, मॅटखालचं तागाचं नमदं बाहेर काढलं. गाडी पाऊस संपल्यापासून उभी आहे, तरी ड्रायव्हरच्या पायाखालचं नमदं पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. ते उचलताना खालच्या पत्र्याचे पापुद्रे त्याला चिकटून आले.

मग खालून. पुढच्या क्रॉस मेंबरखाली (आडव्या तुळईखाली) आणि मागे पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या ब्रॅकेटजवळ घोड्या (गाडी पेलणारे टेकू) लावल्या, चाकांना लाकडी ठोकळे दिले. जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली जायचं नाही, हे शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलंय.

बरीच वर्षं झाली, एका गॅरेजने गाडी धुऊन न धुतल्यासारखी करून तिच्यावर डांबरी अंडरकोटिंग मारलं होतं. आज छोटी हातोडी घेऊन सगळं पोट ठोकत गेले. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, सडक्याचा बद्द. वरून सगळीकडे एकसारखं काळं, गुळगुळीत, निरोगी दिसतं, आणि हातोडी मात्र दर वीतभर अंतरावर वेगळं बोलते. उजव्या सिलच्या खाली थराला फुगा आला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तसं ते आत गेलं आणि तपकिरी पाण्याची धार मनगटावरून कोपरापर्यंत आली. नोव्हेंबरच्या दहा तारखेला.

त्याच सिलच्या तळाशी कारखान्यातून ठेवलेली पाणी निथळायची भोकं आहेत. सापडता सापडेनात. शेवटी डाव्या बाजूच्या मापावरून जागा काढली आणि खिळ्याने कोरलं तेव्हा डांबराखालून भोक उघडं झालं. पाणी वरून आत जातच होतं, दाराच्या रबरातून, पुढच्या मडगार्डमागच्या चिखलातून. बाहेर पडायची वाट तेवढी बुजवलेली होती. माझ्या मते या गाडीच्या सगळ्या सडण्याचं मूळ इथेच आहे, आणि हे काम करताना दर टप्प्यावर हाच प्रश्न विचारायचा आहे: इथलं पाणी कुठून जाणार?

16 नोव्हेंबर, शनिवार

थर काढायच्या पद्धती वेगवेगळ्या जागी करून बघितल्या.

आधी सुरक्षेचं. त्या काळच्या काही अंडरकोटिंगमध्ये आणि आवाज दाबणाऱ्या पट्ट्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टसचे तंतू मिसळलेले असत. आपल्या गाडीवरच्या थरात ते आहेत की नाहीत हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून आहेत असंच धरून चालायचं. कोरडं घासायचं नाही. साबणाच्या पाण्याचा फवारा मारत खरवडायचं. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही. अर्धा चेहरा झाकणारा, पी-3 (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा मास्क आणला. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत. निघालेला चुरा ओलाच दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर लिहून, वेगळा ठेवलाय.

ग्राइंडरला तारेचा ब्रश लावणं हे कोणालाही पहिल्यांदा सुचतं. ते याच कारणासाठी बाद, आणि दुसऱ्या कारणासाठीही बाद: घर्षणाच्या उष्णतेने डांबर वितळतं आणि निघण्याऐवजी पत्र्यावर पसरतं. ब्रश भरून जातो, पत्रा काळा तो काळाच.

हीट गन उत्तम चालते, पण मंद ठेवून. डांबर मऊ व्हायला फार उष्णता लागत नाही. धूर दिसला की गरज संपून नुकसान सुरू झालं असं समजायचं, कारण तो धूर छातीला वाईट. थर लोण्यासारखा मऊ झाला की रुंद पात्याने, पातं जवळजवळ आडवं धरून, लांब पट्टी उचलायची. खरी गंमत तिथे येते जिथे थराखाली गंज आहे: तिथे तापवायलाच लागत नाही. पात्याचं टोक घातलं की तळहाताएवढा तुकडा खाडकन सुटतो आणि त्याच्या पाठीला गंजाचा छाप चिकटून येतो. म्हणजे थर जिथे घट्ट बसलाय तिथे पत्रा चांगला, आणि जिथे सहज सुटतो तिथे रोग. या हिशेबाने खडूने खुणा करत गेले.

राहिलेली काळी झिलई रॉकेलच्या बोळ्याने पुसून निघते. पेट्रोल अजिबात वापरायचं नाही, शेडमध्ये तर नाहीच. हीट गन आणि रॉकेल एकाच दिवशी एकाच कोपऱ्यात नाही, हाही नियम. पेट्रोलची टाकी कालच उतरवून बाहेर नेली.

20 नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मतदान करून शेडवर.

आज आतली बाजू. फ्लोअरवर कारखान्यातूनच डांबरी पट्ट्या चिकटवलेल्या आहेत, आवाज दाबायला. यांना उष्णतेने सोडवलं तर चिकट राड होते. यांच्यासाठी उलटा उपाय: कोरडा बर्फ. पुण्यात थंड मालाची ने-आण करणाऱ्यांना तो मिळतो, तिथूनच थर्मोकोलच्या खोक्यात आणला. उणे 78 अंशांचा असतो. पट्ट्यांवर पसरून थांबायचं. डांबर ठिसूळ होतं, पत्रा आणि डांबर वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि तडतड आवाज यायला लागतो. मग लाकडी हातोडीने हलके ठोके. ताटाएवढे तुकडे निघाले, खाली 1974 चा मूळ रंग जसाच्या तसा.

जाड हातमोजे हवेतच. शिवाय कोरड्या बर्फाचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो जड असल्यामुळे गाडीच्या तळाशी साचतो. चारी दारं उघडी, पंखा चालू, आणि डोकं फ्लोअरशी नेऊन काम करायचं नाही.

24 नोव्हेंबर, रविवार

पोट जवळजवळ उघडं झालं. मेस्त्री आले. त्यांची उमेदीची वर्षं कुर्ल्याला टॅक्सीच्या पत्राकामात गेली, आता जेजुरीला असतात. बोलण्याआधी गाडीभोवती फिरले, चारी दारं एकेकदा उघडून लावली, प्रत्येकाचा आवाज ऐकला.

"उजवी बाजू बसलीय, ताई. मागचं दार बघा, कुलपाशी चढतंय."

"किती बसली असेल?"

"फार नाही. वेळेवर आणली."

खडूच्या खुणांवरून आम्ही दोघांनी यादी केली. उजवी सिल पुढच्या खांबापासून अर्ध्यापर्यंत गेलेली; डावी फक्त खालच्या कडेला. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर चाळण. मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटभोवती खड्डे आहेत पण पत्रा जाड शिल्लक आहे. डिकीच्या कोपऱ्यात जुनं ठिगळ, रिव्हेट मारून वर डांबर. त्याच्या आणि मूळ पत्र्याच्या मधे गंजाने एवढा फुगवटा आणला होता की रिव्हेटची डोकी उडाली होती. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा लागते. दोन पत्र्यांच्या मधे तो माजला की जोड फाडूनच बाहेर येतो.

मेस्त्रींचं म्हणणं होतं की सिलमध्ये चौकोनी पाइप घालून वेल्ड करू, आयुष्यभर बघायला नको. टॅक्सीला तेच करायचे, गाडी दुसऱ्या दिवशी धंद्यावर लागायची. त्यामागचं गणित मला पटतं. पण इथे मी नको म्हटलं, आणि कारणं त्यांना सांगितली. पाइप सिलच्या आतल्या हवेची आणि पाण्याची वाट अडवतो, म्हणजे पुन्हा तेच. शिवाय गाडी यंदा पन्नाशीची झाली आहे. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची स्वतंत्र नोंदणी आली, नंबरमध्ये "व्हीए" अक्षरं असलेली; ती पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे. सांगाड्यात बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. मामांना ती नंबरपाटी हवी आहे. तेव्हा मूळ आकाराचाच पत्रा वाकवायचा, मूळ जागीच जोडायचा.

मेस्त्रींनी डाव्या सिलवर जाड पुठ्ठा धरून पेन्सिलीने साचा काढायला सुरुवात केली. तेच त्यांचं उत्तर.

8 डिसेंबर, रविवार

या नोंदीवर जरा थांबते, कारण गंजकामात ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि समुद्रकाठच्या गाड्यांना तीच नडते.

गंज घासून पत्रा पांढरा केला तरी खड्ड्यांच्या तळाशी मीठ राहतं. क्लोराइड. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि प्राइमरच्या खाली पुन्हा सुरुवात करतं. वर्षभराने रंगाला बारीक फोड येतात आणि लोक प्राइमरला दोष देतात.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे तपासायची सोय हाताशी आहे. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं, कापसाचा बोळा भिजवून खड्ड्यावर दाबून धरायचा, मग तो परीक्षानळीत पिळायचा. त्यात विरल नायट्रिक अ‍ॅसिडचे दोन थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे. क्लोराइड असेल तर सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका पडतो. सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं की काळे डाग पडतात आणि अनेक दिवस जात नाहीत, म्हणून हातमोजे.

आधी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याची नळी केली. काचेसारखी स्वच्छ राहिली. मग उजव्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळचा खड्डा, जो डोळ्यांना पूर्ण साफ दिसत होता. थेंब पडताच नळीत ताकासारखं पांढरं झालं आणि मिनिटाभरात खाली गोळे बसले. पन्नास वर्षांचा अलिबागचा वारा त्या नळीत होता. भाऊ शेजारी उभा होता, तो म्हणाला, "पण हे तर मी कालच घासलं!" घासलं होतंच. घासल्याने मीठ जात नाही, धुतल्याने जातं.

तर मग धुतलं. कढत पाणी, नायलॉनचा ब्रश, खड्ड्यात पाणी मुरू द्यायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा ओतायचं. सहज म्हणून शेडच्या बोअरच्या पाण्याचीही चाचणी घेतली. तेही पांढरं झालं, पातळ पण स्पष्ट. म्हणजे बोअरच्या पाण्याने कितीही धुतलं तरी थोडं क्लोराइड आपणच ठेवून जाणार. म्हणून शेवटचा हात प्रत्येक वेळी डिस्टिल्ड पाण्याचा, आणि लगेच गरम हवेने वाळवणं. ओला उघडा पत्रा बघता बघता पिवळा पडतो. तो पिवळेपणा वरवरचा आहे, नंतर एका हाताने निघेल, त्याला घाबरून धुणं कमी करायचं नाही. संध्याकाळी त्याच खड्ड्याची नळी जेमतेम धुरकट झाली.

14 डिसेंबर, शनिवार

उजवी सिल. आजचा दिवस मेस्त्रींचा.

कापायच्या आधी गाडी घोड्यांवरून उतरवून चाकांवर घेतली, म्हणजे सांगाड्यावर ताण जसा रस्त्यावर येतो तसाच राहील. दाराच्या चौकटीत पुढच्या आणि मधल्या खांबाला तात्पुरते अँगल टाके घालून जोडले. दारांच्या फटी मोजून भिंतीवर खडूने लिहिल्या. सिल कापल्यावर फट हलली तर तिथेच थांबून जॅकने बरोबर करायची, मगच नवा पत्रा लावायचा. वाकड्या गाडीला नवी सिल जोडली की ती कायमची वाकडी.

वीस गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. गॅल्व्हनाइज्ड घेतला नाही, कारण वेल्डिंगमध्ये जस्ताचा धूर निघतो आणि त्याने थंडी वाजून ताप येतो. त्याऐवजी जोडाच्या आतल्या बाजूंना वेल्डिंग सोसणारा जस्ताचा प्राइमर मारला. सीओटू वेल्डिंग, 0.8 मिमीची तार. मेस्त्री एका जागी सलग शिवण घालत नाहीत: इथे एक टाका, मग वीतभर दूर दुसरा, मग परत. मधेच हात लावून पत्रा थंड होऊ देतात. पातळ पत्रा एकदा तापून वाकला की सरळ करण्यात दिवस जातो. मूळ गाडीत जिथे कारखान्याचे स्पॉट वेल्ड होते, तिथे नव्या पत्र्याला भोकं पाडून त्यातून टाके भरले. घासल्यावर ते जवळजवळ मूळ स्पॉटसारखेच दिसतात.

वेल्डिंगच्या पलीकडच्या बाजूला डांबराचा कण जरी राहिला तरी पेटतो. म्हणून एक माणूस फक्त तेवढंच बघायला, पाण्याची बादली आणि अग्निशामक घेऊन. बॅटरीची दोन्ही टोकं सोडलेली.

नव्या सिलला निथळायची भोकं मूळ जागीच पाडली. मेस्त्रींनी ती पाडल्यावर कानस घेऊन कडा गोल केल्या. मी विचारलं कशाला. म्हणाले, "धारदार कडेवर रंग पातळ बसतो, ताई. गंज पहिला तिथून." इतक्या वर्षांत पुस्तकात वाचलेली गोष्ट ज्याच्या हातात आहे त्याच्याकडून ऐकली की वेगळंच वाटतं.

संध्याकाळी अँगल काढले. मागचं दार बोटाने ढकललं आणि लागलं.

22 डिसेंबर, रविवार

सुटे भाग. ब्रॅकेट, क्लॅम्प, बॉनेटचे बिजागर, जॅकचा हूक.

लहान भागांना लिंबूसत्त्व सगळ्यात सोपं: किराणा दुकानात मिळतं, दोन लिटर कोमट पाण्याला शंभर ग्रॅम. गंज सुटा व्हायला लागला की काढून ब्रश करायचा, पुन्हा बुडवायचं. चांगलं लोखंड त्यात विनाकारण दिवसेंदिवस ठेवायचं नाही. काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून, धुऊन, तापवून कोरडं करायचं.

कोपऱ्याकोपऱ्यांत ब्रश पोचत नाही अशा भागांना इलेक्ट्रोलिसिस. प्लास्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक भागाला आणि धन टोक सळईच्या तुकड्यांना. मीठ घालायचं नाही, क्लोरीन सुटतो. स्टेनलेस स्टीलचा चमचा-ताटली धन टोकाला लावायची नाही, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात येतात. हायड्रोजनचे बुडबुडे निघतात म्हणून बादली उघड्यावर, आणि भाग उचलायच्या आधी चार्जर बंद.

पाटे आणि कडक बोल्ट यांना यातलं काहीच करायचं नाही. हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. पाटे सोडवून हाताने घासले.

29 डिसेंबर, रविवार

आता मोठा प्रश्न: पत्र्याच्या ज्या खड्ड्यांत गंजाचे कण उरतातच, तिथे काय?

बाजारातले रस्ट कन्व्हर्टर (गंजाचं दुसऱ्या संयुगात रूपांतर करणारी द्रावणं) मुख्यतः दोन जातींचे. फॉस्फोरिक अ‍ॅसिडवाले गंजाचं लोह फॉस्फेट करतात, राखाडी दिसतं. टॅनिक अ‍ॅसिडवाले लोह टॅनेट करतात, निळसर काळं. दुसरी जात आपल्याला परकी नाही. जुन्नर-आंबेगावकडे गोळा होणारा हिरडा टॅनिनने भरलेला असतो, आणि हिरडा-हिराकसाची काळी शाई याच रसायनावर चालायची. सडक्या फ्लोअरचा कापलेला तुकडा घेतला, हिरड्याचा दाट काढा करून अर्ध्यावर लावला. तपकिरी गंज पाहता पाहता काळा झाला. हा तुकडा बारावीच्या वर्गात नेणार आहे. पण गाडीला नुसता काढा लावणार नाही: बाजारच्या द्रावणात टॅनिनबरोबर पापुद्रा धरणारा पॉलिमरही असतो, काढ्यात तो नाही, त्यामुळे ओल थेट आत जाते.

माझा निर्णय असा. मोकळ्या, हात पोचेल अशा जागी कन्व्हर्टर अजिबात नाही. तिथे पत्रा घासून खरोखर उघडा करायचा आणि इपॉक्सी प्राइमर थेट धातूवर. पुष्कळ इपॉक्सी प्राइमर अ‍ॅसिडचा अंश राहिलेल्या पृष्ठभागावर नीट धरत नाहीत, डब्यावर तसं लिहिलेलंही असतं. कन्व्हर्टर फक्त बंद पोकळ्यांत आणि दोन पत्र्यांच्या जोडात, जिथे घासणं शक्यच नाही, आणि तिथे वर इपॉक्सी न मारता मेण जाणार.

आपल्याकडे सगळीकडे मारतात तो तांबडा रेड ऑक्साइड याबद्दलही लिहून ठेवते. तो घराच्या ग्रिलला ठीक आहे. त्याच्यातून ओल झिरपते. वर लगेच दुसरा रंग चढला नाही तर तो पत्र्याला वाचवत नाही. गॅरेजात महिनोन्महिने तांबड्या प्राइमरवर उभ्या गाड्या बघून मला वाईट वाटतं.

5 जानेवारी 2025, रविवार

प्राइमर.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतला ओल्या-कोरड्या बल्बचा तापमापी आणला. सकाळी सातला हवा 11 अंश, ओला बल्ब 10, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो) नऊच्या वर. पत्रा रात्रभर गार पडून हवेपेक्षाही थंड. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंश वर असल्याशिवाय रंग मारायचा नाही, हा रंगकामातला जुना नियम. सकाळी तो पाळला जात नव्हता. डोळ्यांना न दिसणारं दव पत्र्यावर असतं आणि प्राइमर त्याच्यावर बसतो. अकरा वाजता हवा 24, ओला बल्ब 17, दवबिंदू साधारण 13, पत्रा 20. आता सुरुवात.

तोवर शेवटचं घासणं: 80 नंबरचा पेपर, मग गरम हवा, मग स्वच्छ कापडाने थिनर. घासलेला पत्रा त्याच दुपारी झाकला गेला पाहिजे, म्हणून जेवढं झाकता येईल तेवढंच घासलं. उद्यासाठी काहीही उघडं ठेवलं नाही. इपॉक्सी डब्यावरच्या प्रमाणात मिसळून, सांगितलाय तेवढा वेळ ठेवून, आधी ब्रशने खड्ड्यांत आणि कडांवर चोळला, मग गनने दोन हात. ब्रशने चोळणं कंटाळवाणं आहे पण खड्ड्याच्या तळापर्यंत प्राइमर तसाच पोचतो. निथळायच्या प्रत्येक भोकात आधी लाकडी खुंटी मारून ठेवली होती. तीन वाजता थांबलो.

12 जानेवारी, रविवार

जोडांवर पॉलियुरेथेन सीलर, प्राइमरच्या वर आणि रंगाच्या खाली. बोटाने दाबून, पाणी साचेल असा बांध कुठे होणार नाही असं बघत.

मामा आले. अलिबागहून लवकर निघून एसटीने. गाडीखाली सतरंजी टाकून आडवे झाले आणि बराच वेळ टॉर्च फिरवत राहिले.

"काळं कधी मारणार?"

"काळं नाही मारायचं, मामा."

"अगं, उघडं राहील. मी दर मृगाआधी जळकं ऑइल मारायचो खालून, म्हणून एवढी तरी टिकली."

ऑइलने पत्र्याचं थोडंफार रक्षण झालं असेल, हे मी मान्य केलं. पण जळक्या ऑइलमध्ये इंजिनातली आम्लं आणि कचरा असतो, रबरी बुश त्याने फुगतात, आणि ते अंगणातल्या मातीत गळतं. डांबराबद्दल मात्र ठाम राहिले. जाड काळा थर सुरुवातीला चांगला असतो; वाळून त्याला चीर पडली की पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही, आणि वरून वर्षानुवर्षं काही दिसत नाही. त्या सिलमधून निघालेल्या पाण्याचा फोटो त्यांना दाखवला. मग ते म्हणाले, "बरं, तुझा रंग कुठला?"

फिका राखाडी. त्यावर गंजाचा टाचणीएवढा ठिपकासुद्धा दुसऱ्या दिवशी डोळ्यात भरेल. दगड उडतात तिथे, म्हणजे फक्त चाकांच्या कमानींत, पातळ रबरी स्टोनगार्ड, तोही रंगाच्या खाली. बाकी सगळं उघडं आणि पुसता येण्यासारखं.

26 जानेवारी, रविवार

राखाडी रंग पुरता कडक झाला. आज भोकांतल्या खुंट्या काढून पोकळ्यांत मेण: सिल, क्रॉस मेंबर, दारांचे तळ, पाट्यांच्या ब्रॅकेटमागची पेटी. लांब नळीच्या टोकाला चहूबाजूंनी फवारा सोडणारं नोझल असतं. नळी टोकापर्यंत आत सारायची आणि मागे ओढत फवारायचं. मेण पातळ असताना जोडांच्या फटींत स्वतःहून चढतं, आणि नंतर वाळून ठणठणीत होत नाही, मऊच राहतं, त्यामुळे चिरत नाही. भोकांतून जादा मेण गळायला लागलं की ती पोकळी भरली असं समजायचं. मग मेण घट्ट व्हायच्या आत प्रत्येक भोक तारेने मोकळं केलं.

मेण बसल्यावर दुपारी पाण्याची परीक्षा. पुढच्या काचेच्या खालच्या जाळीतून, दारांच्या काचांच्या फटीतून, डिकीच्या पन्हळीतून झारीने पाणी ओतलं. भाऊ खाली टॉर्च घेऊन झोपला आणि ओरडून सांगत होता. उजवी सिल पुढे, चालू. मधे, चालू. मागे, चालू. डावं मागचं दार बंद. तार घातली, आतून जुन्या रबराचा तुकडा निघाला, मग तेही चालू. डिकीचा उजवा कोपरा हळू निथळतोय; तिथे मूळचंच भोक लहान आहे, मोठं करायचं नाही, फक्त दर पावसाळ्याआधी तार घालायची.

2 फेब्रुवारी, रविवार

ब्रेकचे पाइप नवे टाकले. जुने क्लिपांच्या खाली गंजलेले होते. टाकी आतून-बाहेरून तपासून बसवली. तागाचं नमदं परत घातलं नाही. त्याऐवजी पाणी न पिणारा फोम, तोही न चिकटवता, म्हणजे उचलून खाली बघता येईल.

मामांसाठी कागद लिहून गाडीच्या खणात ठेवला: मृगाआधी आणि दसऱ्यानंतर फोम उचलून फ्लोअर बघणे, सगळ्या भोकांत तार, चाकांच्या कमानींतला चिखल गोड्या पाण्याने धुणे, किनाऱ्यावर गाडी नेली तर त्याच दिवशी खालून धुणे, राखाडीवर तपकिरी ठिपका दिसला तर फोटो काढून मला पाठवणे, सिलमध्ये मेणाचा नवा हात दोन वर्षांनी.

फटी पुन्हा मोजल्या, 14 डिसेंबरच्या खडूच्या आकड्यांशी जुळल्या. पुढच्या शनिवारी सीटा बसवून जेजुरीपर्यंत फेरी, मेस्त्रींना दारं लावून बघायची आहेत.